मोगऱ्याची कुंडी आणि नीरेचा कालवा



वैशाखात माहेरी लग्न होतं. दहा दिवस चिंचोटीचं घर बंद राहणार, म्हणून निघताना गॅलरीतल्या कुंड्यांची सोय करून गेले. बाकी कुंड्या शेजारच्या ताईंच्या दारात ठेवल्या. मोगरा मात्र जिवाचा, माहेरच्या परसातल्या झाडाची फांदी लावून वाढवलेला. त्याला उन्हाचा त्रास नको, पाणी कमी पडायला नको, म्हणून कुंडीच एका टबात ठेवली आणि टब काठोकाठ भरला. पाणी अर्थातच सोसायटीच्या बोअरवेलचं. जाताना स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की गाडीत बसल्यावर यजमानांना दोनदा सांगितलं.

परत आले तर पानं पिवळी, शेंडे मान टाकलेले. कुंडीच्या बाहेरच्या अंगावर आणि मातीच्या कडेला पांढरी पूड. झाड सुकलंय असं वाटून मी काय केलं असेल? अजून दोन तांबे पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मातीला आंबूस वास यायला लागला तेव्हा घाबरून आईला व्हिडिओ कॉल लावला.

आईने मोबाइल कुंडीजवळ न्यायला सांगितला. पांढरी पूड बघितली आणि म्हणाली, "अगं, मीठ फुटलंय की! हे तर आपल्या खालच्या रानासारखं झालंय. पाणी कशाला घालतीस? पाणी तोड आधी. वापसा नाही तिथं, मुळ्या गुदमरल्यात."

खालचं रान म्हणजे माझ्या मामांचं. शिरोळ तालुक्यातलं, नदीकडच्या उताराचं काळंभोर रान. मी लहान असताना तिथे उसात शिरलं की माणूस दिसत नसे. पुढे तिथे गवतसुद्धा धड उगवेना. मामेभाऊ इचलकरंजीला मागावर गेला, नंतर आमच्या ओळखीने वसईत कारखान्यात लागला. शेती का सोडली, असं कुणी विचारलं की घरातले सांगायचे, "रान फुगलं." लहानपणापासून हा शब्द ऐकत आले, पण फुगणं म्हणजे नेमकं काय हे मला त्या आंबलेल्या कुंडीशेजारी बसून पहिल्यांदा कळलं. मग वाचायला घेतलं. वाचता वाचता शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेले. आज ते सगळं तुमच्यापुढे मांडते आहे. मोगऱ्याचं काय झालं तेही ओघात येईलच.

आधी एक साधी गोष्ट. झाडाचं मूळ पाणी पितं तसंच श्वासही घेतं. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांतल्या काहींत पाणी आणि काहींत हवा असली की शेतकरी म्हणतो, वाफसा आहे. आई त्याला वापसा म्हणते, कोल्हापूरकडे तसंच म्हणतात. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेला जागा उरत नाही. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो, त्यामुळे मुळाला श्वासच मिळत नाही. ते कुजतं, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानलेल्या झाडासारखं मान टाकतं. फसवणूक इथेच होते. वरून दोन्ही आजार सारखे दिसतात आणि आपण तहानेचं औषध बुडणाऱ्याला पाजत राहतो.

आपल्या महाराष्ट्रात हीच फसगत एका अख्ख्या कालव्यावर झाली होती.

१८७६ ते १८७८ या वर्षांतला दुष्काळ दख्खनने कधी विसरला नाही. पुणे, सोलापूर, सातारा, नगर या पट्ट्यात माणसं आणि जनावरं अन्नापाण्यावाचून गेली. त्यानंतर मुंबई सरकारने कालव्यांची कामं हाती घेतली, त्यांत नीरेचा डावा कालवा होता. १८८५च्या सुमारास त्याला पाणी सुटलं. वरच्या अंगाला भाटघरचं धरण पुढच्या काही वर्षांत पुरं झालं. पुरंदर, बारामती, इंदापूर हा कमी पावसाचा टापू, तिथे बारमाही पाणी आलं. कालवा दुष्काळावर उपाय म्हणून काढला होता, म्हणजे ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. पण ज्वारीवाल्या शेतकऱ्याला चांगल्या पावसाच्या वर्षी कालव्याचं पाणी नकोच असे. काळी जमीन ओल धरून ठेवते, पैसे भरून पाणी कोण घेणार? मग पाणी घेतलं ते उसाने. सासवडकडचे माळी बागायतीत तरबेज. ते बारामतीच्या बाजूला उतरले आणि कालव्याकाठी उसाचे मळे उभे राहिले. पुढे याच कालव्याच्या टोकाकडे, इंदापूर तालुक्यात कळंबला, सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशींनी शेती आणि साखर कारखाना उभा केला. तेच आजचं वालचंदनगर. आपल्या समाजात वालचंदशेठांचं नाव जहाजं, विमानं आणि मोटारींसाठी घेतलं जातं. उसाच्या सऱ्यांसाठी फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

पहिली काही वर्षं सोन्याची गेली. नंतर सखल भागातल्या रानांत कडेला पांढरे डाग दिसायला लागले, सकाळच्या वेळी दव पडल्यासारखे. ते वाढत गेले. विहिरींचं पाणी वर आलं, काही ठिकाणी जमीन पाय ठेवला की दबायला लागली. ज्या शेतकऱ्याने सगळ्यात जास्त पाणी घेतलं, त्याचंच रान आधी गेलं असंही नाही. जमिनीखालचं पाणी उतार शोधत जातं. वरचा पाणी पाजतो आणि खालच्याचं रान फुगतं. काळ्या मातीखाली आपल्याकडे मुरूम असतो. कालव्यातून झिरपलेलं आणि वरच्या मळ्यांत मुरलेलं पाणी त्या मुरमातून हळूहळू खाली सरकतं आणि सखल जागी काळ्या मातीखाली दाटून राहतं. पाण्याची पातळी जमिनीच्या दोन मीटरच्या आत आली की पुढचं काम ऊन करतं. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पाणी मातीतून वर चढतं, वाफ होऊन उडून जातं, आणि त्यात विरघळलेले क्षार वरच राहतात. रोज थोडे, वर्षानुवर्षं.

नायगाव स्टेशन ओलांडताना खिडकीतून मिठागरं दिसायची, काही अजूनही दिसतात. उथळ पाणी अडवायचं, उन्हाला वाफ करू द्यायची, मीठ गोळा करायचं. आगरी लोक जे कष्टाने आणि ठरवून करतात, ते बारामतीच्या मळ्यांत न ठरवता झालं. माझ्या टबातही तेच झालं. दहा दिवस कुंडी खालून बोअरचं मचूळ पाणी ओढत राहिली, मे महिन्याचं ऊन वरून ते उडवत राहिलं आणि क्षार मोगऱ्याच्या बुडाशी साठत गेले. आमच्या गॅलरीतलं छोटं मिठागरच ते.

नीरेच्या खोऱ्यातली ही खारवट जमीन अभ्यासायला दोघे बसले. एक हॅरॉल्ड मान, १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल म्हणून आलेले रसायनशास्त्रज्ञ. दुसरे त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे. १९१० साली दोघांनी मिळून नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर एक पुस्तिका काढली, मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याची. मान यांचं नाव समाजशास्त्र शिकलेल्यांना पिंपळे सौदागरच्या पाहणीमुळे माहीत असतं. दख्खनमधल्या एका खेड्याची घरं, कर्जं, जमिनीचे तुकडे मोजत बसलेला हाच माणूस त्याआधी नीरेच्या काठी माती आणि पाणी तपासत होता. मला हे आवडलं. जमीन का गेली हे आधी पाहिलं आणि मग कर्ज का झालं ते पाहिलं, हा क्रम मला फार योग्य वाटतो.

त्याच्या थोडं आधी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, पुण्यात कार्यकारी अभियंता असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर गटपद्धत सुचवली होती. इंग्रजीत तिला ब्लॉक सिस्टिम म्हणत. वरच्या दोन-चार गावांनी उसासाठी सगळं पाणी ओढायचं आणि खालची गावं कोरडी राहायची, हे बंद करायचं. पाणी सगळ्या गावांत गटागटाने वाटायचं, आणि गटातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावरच ऊस, बाकीच्यावर कमी पाण्याची हंगामी पिकं, तीही फिरवून. थोडक्यात, थोडं पाणी जास्त जमिनीला. बागायतदारांना ते रुचलं नाही. भरपूर पाण्याची सवय लागली होती. शिवाय बागायतदाराला वाटतं की आपण पैसे भरतो, मग पाणी कमी का घ्यावं? हा युक्तिवाद मला परका वाटत नाही. आमच्या सोसायटीत मेंटेनन्स सारखाच भरायचा असतो, म्हणून गॅलरी रोज पाइप लावून धुणारे लोक आहेत.

पाणी कमी देणं हा अर्धा उपाय. साठलेलं पाणी बाहेर काढणं हा उरलेला अर्धा. १९१६ साली पुण्यात मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी एक खास विभाग सुरू केला. तिथे क्लॉड इंग्लिस नावाच्या अभियंत्याने अनेक वर्षं काम केलं. व्ही. के. गोखले यांच्यासोबत त्यांनी दख्खनच्या कालव्यांवरच्या निचऱ्याचा प्रश्न धसाला लावला. चर नुसता खणून भागत नाही. काळ्या मातीतच तो थांबला तर पाणी त्यात येतच नाही, कारण काळी माती पाणी सोडत नाही. चर खालच्या मुरमापर्यंत पोचला पाहिजे, जिथून पाणी खरोखर वाहतं. पुण्याच्या त्याच छोट्या विभागातून वाढत वाढत खडकवासल्याचं मोठं जल संशोधन केंद्र झालं. पानशेतला किंवा सिंहगडला जाताना रस्त्यात त्याची पाटी लागते. आपण तिथे कणीस खायला थांबतो, पण त्या संस्थेच्या मुळाशी कालव्याच्या पाण्याचे आणि फुगलेल्या रानांचे प्रश्न आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. नीरेकाठी पाडेगावला १९३२ पासून उसाचं संशोधन केंद्र आहे, तिथेही कालव्याखालच्या जमिनींचे प्रकार बारकाईने लावले गेले: कोणती जमीन किती पाणी सोसेल, कोणती अजिबात सोसणार नाही.

हे फक्त आपल्याच नशिबी आलं असंही नाही. आजच्या इराकमध्ये, युफ्रेटिस आणि टायग्रिसच्या काठी, चार हजार वर्षांपूर्वी कालवे होते आणि तिथेही शेतं पांढरी पडली. १९५८ साली जेकबसन आणि ॲडम्स या दोन अभ्यासकांनी मातीच्या विटांवरच्या जुन्या नोंदी वाचून दाखवलं की तिथे गहू हळूहळू मागे पडला आणि क्षार जास्त सोसणारा सातू उरला. आपल्याकडे उत्तरेत याच पांढऱ्या थराला रेह म्हणतात. यमुनेच्या कालव्यांवर त्याच्या तक्रारी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. १९६९ मध्ये केंद्र सरकारने कर्नालला त्यासाठी वेगळी संशोधन संस्थाच काढली.

म्हणजे १९१०ला कारण छापून आलं होतं, उपायही लवकरच ठाऊक झाला होता. मग माझ्या मामांचं रान त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी का फुगलं?

याचं उत्तर शोधताना मला थोडी लाज वाटली. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा यांच्या काठचा आपला समाज पिढ्यानपिढ्या शेती करणारा. आधी मोट होती. बैल दमायचे, माणूस दमायचा, म्हणून पाणी आपोआप मोजून मिळायचं. मग इंजिन आलं, मग वीज. साठच्या दशकात कोयनेचं धरण झालं आणि कृष्णेला उन्हाळ्यातही पाणी राहायला लागलं. गावोगावी सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, नदीचं पाणी उचलून मैलोन्‌मैल पाइपने आणलं. देशभक्त रत्नाप्पा कुंभारांचा पंचगंगा कारखाना, नंतर शिरोळचा दत्त कारखाना, असे कारखाने उभे राहिले. उसाला हमखास गिऱ्हाईक मिळालं. याच पैशांतून मुलींची शिक्षणं झाली, माझंही त्यातच झालं, त्यामुळे ऊस वाईट असं मी म्हणणार नाही. पण पाणीपट्टी एकरावर होती, पाणी किती घेतलं यावर नाही. वीज रात्रीची. मोटारीला ऑटो स्टार्टर लावला की रात्री वीज आल्यावर ती आपली आपण सुरू व्हायची आणि पहाटेपर्यंत सरी भरून वाहायची. कोण उठून बंद करणार?

आणि याच घरात आजी पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची. गाळल्यावर फडक्यातली जीवाणी त्याच विहिरीत, हळूच, पाण्याला लावून सोडायची, वरून फेकायची नाही. आंघोळीला एक बादली, त्यातलं उरलेलं तुळशीला. अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या सांगताना आचार्य समंतभद्रांनी श्रावकाचारात विनाकारण जमीन खणणं आणि विनाकारण पाणी सांडणं शेजारी-शेजारी ठेवलं आहे. आमच्याकडे दशलक्षण पर्वात त्यावर प्रवचन व्हायचं, सगळे माना डोलवायचे. त्याच रात्री रानात मोटार चालू. तांब्यातलं पाणी आम्हाला दिसत होतं, सरीतलं दिसत नव्हतं. आजोबांना मी दोष देत नाही. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, हे त्यांना कारखान्याच्या वजनकाट्यावर काही वर्षं खरंच दिसलं होतं. आणि मी तरी काय केलं? टब काठोकाठ भरला तो मायेनेच ना.

मामांच्या रानाला वीसेक वर्षं कुणी हात लावला नाही. २००५चा महापूर आला, २०१९चा आला, रान तसंच पडून. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याने, गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने, २०१६च्या सुमारास क्षारपड जमिनी सुधारण्याचं काम गावोगाव हाती घेतलं. पद्धत तीच, चराची, फक्त चर आता जमिनीच्या पोटात. भोकं असलेले, वरून गाळणीचं कापड गुंडाळलेले प्लास्टिकचे पाइप नांगराच्या फाळाला लागणार नाहीत इतके खोल, उताराने पुरायचे. मातीत साठलेलं जादा पाणी त्या भोकांतून पाइपात येतं आणि मोठ्या पाइपाने ओढ्याकडे जातं. क्षारही त्याच्याबरोबर धुऊन जातात. गाळणीचं कापड हे शब्द मामांनी फोनवर सांगितले तेव्हा मला आजीचं फडकं आठवलं. खरं तर काम उलटं आहे, तिथे माती अडवायची असते, पण आठवलं खरं.

यात सगळ्यात अवघड गोष्ट पाइपची नाही, माणसांची आहे. एका शेतकऱ्याने आपल्यापुरता पाइप टाकून भागत नाही. पाणी न्यायचं कुठून? शेजाऱ्याच्या बांधाखालून, त्याच्या पुढच्याच्या रानातून, ओढ्यापर्यंत. मधल्या एकाने नाही म्हटलं की सगळं अडलं. आमच्याकडे बांधावरून तीन पिढ्यांचे दावे चालतात. मामा आणि त्यांचे चुलतभाऊ एकमेकांच्या घरी जेवायला जात नव्हते. त्या पाइपलाइनसाठी दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या. आईच्या मते गेल्या पन्नास वर्षांत घरात घडलेली ही सगळ्यात मोठी घटना आहे, आमची लग्नं धरून.

खारवट आणि चोपण यांतला फरकही मामांनीच समजावला. नुसतं मीठ साठलेली जमीन खारवट. निचरा करून गोड्या पाण्याने धुतली की ती सुधारते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो. ती ओली असताना साबणासारखी बुळबुळीत आणि वाळली की दगड. तिला आधी जिप्सम घालावं लागतं, मग धुवावं लागतं. पण दोन्हीत निचरा पहिला. निचऱ्याशिवाय धुणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी पाणी ओतणं.

एक प्रश्न मात्र मी मामांना विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. ओढ्यात सोडलेलं ते खारं पाणी जातं कुठे? कृष्णेत. आणि कृष्णा पुढे जाते कर्नाटकात, दुसऱ्या कुणाच्या तरी मामांच्या रानाकडे. निचरा करू नये असं मी म्हणत नाही, तो केलाच पाहिजे. पण पाणीच मुळात मोजून पाजलं, ठिबकवर ऊस घेतला, तर धुवायचं मीठही कमी निघेल. शिरोळकडे ठिबक आता वाढतो आहे, एवढं माझ्या डोळ्यांनी या वेळी पाहिलं.

आमच्या वसईची गोष्ट याच्या उलटी आहे, तीही सांगून टाकते. चिंचोटी डोंगराकडे, तुंगारेश्वरच्या पायथ्याला. महामार्ग आणि रेल्वे ओलांडून पश्चिमेला गेलं की जुनी वसई. तिथल्या केळीच्या, पानवेलीच्या, फुलांच्या वाड्या शेकडो वर्षं गोड्या पाण्यावर जगल्या, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. हे जमलं ते बावखलांमुळे. बावखल म्हणजे वाडीतलं खणलेलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्याला दाबून ठेवतं. शिंपणं रहाटाने, म्हणजे बैल थकेपर्यंतच. पुढे पंप आले, इमारती आल्या, टँकर विहिरींवर लागले. गोडं पाणी उपसलं की त्या जागी खारं सरकतं. विहिरी मचूळ झाल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने उभारलेल्या लढ्यात टँकरचा हा प्रश्न होता. बरीच बावखलं तोवर डास होतात म्हणून, कचरा टाकून, बुजवली गेली होती. अलीकडे काही वाड्यांत ती पुन्हा साफ करायला लागलेत, ऐकून बरं वाटतं. तर शिरोळमध्ये पाणी जास्त पाजून जमीन खारावली, वसईत जास्त उपसून. आणि माझ्या कुंडीत दोन्ही आले: उपशाने मचूळ झालेलं बोअरचं पाणी, तेही टब भरून.

आता मोगरा. आईच्या सांगण्यावरून जे केलं ते लिहिते, कुणाच्या घरी अशी कुंडी असेल तर उपयोगी पडेल.

टब आणि खालची ताटली त्याच क्षणी काढली. कुंडी सावलीत, पण उजेडात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, भरपूर उजेडात, गॅलरीत जुने पेपर पसरून झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढलं. हे काम घाईने करू नका, मातीत काही जीव असेल तर तो दिसू द्या, बाजूला सरकू द्या. माझ्या मातीत काहीच नव्हतं. एक गांडूळसुद्धा नाही, म्हणजे माती किती गुदमरली होती बघा. गोळ्याला कोरडे पेपर गुंडाळले, ओले झाले की बदलले, तीनदा. मग मुळं बघितली. जिवंत मूळ पांढरट आणि घट्ट असतं. कुजलेलं तपकिरी, बोटात धरलं की साल सुटून हातात येते. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने काढली. अर्ध्याहून जास्त गेली. मुळं इतकी कमी झाल्यावर वरचा पसारा त्यांना पेलणार नाही, म्हणून फांद्याही तिसऱ्या हिश्श्याने छाटल्या. छाटताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

नवी कुंडी मुद्दाम लहान आणि मातीची घेतली. मोठ्या कुंडीत मुळं थोडी आणि ओली माती फार, की पुन्हा तेच. माती, जाड वाळू आणि जुनं शेणखत समसमान. खाली खापऱ्यांचा थर द्यायची आपली जुनी पद्धत आहे, मीही तशीच देत आले. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते. म्हणून भोकावर एकच खापरी, माती वाहून जाऊ नये इतपत. लावल्यावर एकदा पाणी, खालून निथळेपर्यंत, आणि तेही प्यायच्या गोड्या पाण्यातलं. मग बंद. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागेल तेव्हाच पुढचं पाणी. खत नाही. आजारातून उठलेल्याला कुणी श्रीखंड-पुरी वाढत नाही.

तीन आठवडे काहीही झालं नाही. काडीच उभी होती. सासूबाई म्हणाल्या, नवीन रोप आणू. मी नखाने साल जरा खरवडली, आत हिरवं होतं, म्हणून थांबले. मग पाऊस सुरू झाला. चिंचोटीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, धबधबा पाहायला येणाऱ्यांना पोलीस अडवतात तो. पहिले दोन दिवस कुंडी विटांवर उचलून पावसात ठेवली. तीन भोकांतून पाणी निथळत होतं, कुंडीच्या अंगावर राहिलेले क्षार धुऊन जात होते. तिसऱ्या दिवशी आत घेतली, नाहीतर पुन्हा माया व्हायची.

आषाढात शेंड्याजवळ दोन कोंब दिसले, तांदळाच्या दाण्याएवढे. आईला फोटो पाठवला. तिने कोंबांबद्दल काही म्हटलंच नाही. "ताटली परत ठेवली नाहीस ना?" एवढंच विचारलं, आणि मग सांगितलं की मामांनी खालच्या रानात यंदा सोयाबीन टोकलंय.